तराजूवरचं शैवाल

आज सकाळी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या शैवालाची कापणी केली. रेफ्युजियम नावाच्या कप्प्यातला चीटो या शैवालाचा गोळा उचलला, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत तीन-चारदा खळबळला, हलक्या हाताने पिळला आणि निम्म्याहून थोडा जास्त भाग तोडून तराजूवर ठेवला. ४१० ग्रॅम. वहीत तारीख आणि वजन लिहिलं, पुढे नेहमीप्रमाणे रंगाबद्दल दोन शब्द: गडद हिरवा, तंतू कडक. उरलेला गोळा परत जागेवर गेला. बादलीत पांढऱ्या ठिपक्यांएवढे शेकडो जीव सैरावैरा पळत होते. गाळ खाली बसू दिला आणि वरचं पाणी त्यांच्यासकट अलगद मुख्य टाकीत ओतलं.

साडेपाच वर्षं मी हे करते आहे. एवढ्या काळात रेफ्युजियमने माझी टाकी एकदा सावरली आणि दोनदा अडचणीत आणली. म्हणून कुणी "रेफ्युजियम करू का?" असं विचारलं, की मला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. गेल्या महिन्यात दोघांनी हाच प्रश्न विचारला. दोघांनाही मी उलट विचारलं, "कशासाठी हवंय?" एकाला नायट्रेट उतरवायचं होतं, दुसरीला मँडरिन मासा पाळायचा होता. त्यांना दिलेली उत्तरं वेगवेगळी होती. इथे दोन्ही एकत्र लिहिते.

रेफ्युजियम म्हणजे आसऱ्याची जागा. मुख्य टाकीशी पाण्याने जोडलेला, पण मासे पोहोचू शकणार नाहीत असा वेगळा कप्पा. त्यात मोठं समुद्री शैवाल वाढवायचं, त्याच्यावर स्वतंत्र दिवा लावायचा आणि वाढलेलं शैवाल वेळोवेळी काढून टाकायचं. माझी टाकी १२० × ५० × ५० सेंटिमीटरची आहे, खाली ९० सेंटिमीटर लांबीचा सम्प, म्हणजे पाणी साफ करायची दुसरी टाकी. सम्पमधला मधला कप्पा, साधारण ३६ लिटरचा, रेफ्युजियमला दिलेला. दगड-वाळूची जागा वजा केली तर सगळं मिळून ३४० लिटर पाणी फिरतं. म्हणजे शैवालाच्या वाट्याला सुमारे दहावा हिस्सा. याहून लहान कप्प्यात शैवाल जगतं, पण टाकीवर परिणाम दिसावा इतकं काम त्याच्याकडून होत नाही.

सम्पमधल्या काचेच्या भिंती दादाने बसवल्या. सिलिकॉन लावता लावता त्याने विचारलं होतं, "टाकीत शेवाळ माजलंय म्हणून तू शेवाळच लावणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हा माझं नायट्रेट ४० पीपीएम (दशलक्षात ४० भाग) होतं, फॉस्फेट ०.२५, आणि दगडांवर हिरवे केस उगवल्यासारखं तंतुशैवाल. स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, चालू होता, पाणीही बदलत होते, तरी आकडे हलत नव्हते. मी दादाला सांगितलं, की माशांना घातलेल्या खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात येणार, ते चुकणार नाही. ते खाऊन कुठेतरी शैवाल वाढणारच. मग ते मला हवं तिथे वाढू दे, म्हणजे मूठभर उचलून बाहेर काढता येईल. ही कल्पना तशी जुनी. शास्त्रज्ञ वॉल्टर अ‍ॅडी यांनी स्मिथसोनियन संस्थेत प्रवाळाच्या टाक्या उभ्या केल्या, त्या शैवालाच्याच जोरावर पाणी साफ ठेवून.

पहिली चूक मी शैवाल निवडताना केली.

कुणीतरी प्रेमाने कॉलर्पाचे दोन तुरे दिले होते. दिसायला फारच देखणं, पिसासारखी पानं, जमिनीवरून सरपटत जाणारं देठ. लावलं आणि पंधरा दिवसांत कप्पा भरला. नायट्रेट ४० वरून २५ वर आलं. मी खूश होते. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी पुष्कळ छाटणी केली, घाईघाईने, ओरबाडूनच म्हणावं अशी. दोन दिवसांनी रात्री पाहिलं तर पानांची टोकं पांढुरकी पडली होती आणि हिरव्या रंगाची जाळी उमटली होती. दिव्याचा दोष असेल असं समजून मी झोपले. सकाळी सम्पमधलं पाणी हिरवट दुधासारखं झालेलं, स्किमरचा कप उतू गेलेला, आणि वरच्या टाकीत मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेत होते. कप्प्यात कॉलर्पाचे पारदर्शक सांगाडे तरंगत होते.

कॉलर्पाची सगळी वेल ही एकच पेशी असते. देठ, पानं, मुळांसारखे धागे, मधे कुठेही पेशीभिंतीचे पडदे नाहीत, आत असंख्य केंद्रकं. प्रजननाची वेळ आली की ती वेल आतला सगळा जीवद्रव्याचा साठा प्रजनन-पेशींत बदलते आणि एकदम पाण्यात सोडून देते. मागे रिकामं टरफल उरतं, वेल मरते. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर अशी शैवालं पहाटे, ठरल्यासारखी, एका वेळी बीजं सोडतात, याच्या नोंदी १९९७ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. समुद्रात ही सुंदर घटना असेल. ३४० लिटरच्या टाकीत मात्र तीन महिने साठवलेलं सगळं खत एका रात्रीत परत पाण्यात आलं, आणि ते कुजताना प्राणवायूही खाऊन गेलं. मी हवेचा पंप लावला, सक्रिय कार्बन टाकला, शंभर लिटर पाणी बदललं. एक गोबी आणि दोन गोगलगाई गेल्या.

पुष्कळ जण कॉलर्पावर चोवीस तास दिवा ठेवतात, त्याने हा प्रकार टळतो असा त्यांचा अनुभव आहे. पण दिवा बंद पडला, वीज गेली, छाटणी जास्त झाली की काय होईल, ही धास्ती मला नको होती. मी सगळं काढून टाकलं.

काढून कुठे टाकलं, हेही सांगायला हवं. गोठवलं, मग उन्हात कोरडं ठाक होईपर्यंत वाळवलं आणि मगच कचऱ्यात. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ साली मोनाकोच्या किनाऱ्याशी सापडलं ते मत्स्यालयात वाढवलेल्या वाणाचं होतं, आणि पुढे भूमध्य समुद्राचा मोठा तळ त्याने झाकला. २००० साली तेच कॅलिफोर्नियातल्या आग्वा हेडिओंडा खाजणात दिसलं. तिथल्या लोकांनी त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, आणि ते पूर्ण संपलं हे जाहीर करायला २००६ उजाडलं. एवढ्याशा तुकड्यापासून नवी वेल उभी राहते. त्यामुळे कुठलंही शैवाल जिवंत असताना नाल्यात, ओढ्यात किंवा समुद्रात सोडू नका. या बाबतीत मी कुणाचंही "एवढ्याने काय होतंय" ऐकून घेत नाही.

त्यानंतर आला चीटो. पूर्ण नाव कीटोमॉर्फा. दिसायला घासणीच्या तारेसारखा गुंता. प्रत्येक तंतू म्हणजे एकामागे एक लावलेल्या पेशींची माळ, त्यामुळे कॉलर्पासारखा एका रात्रीत सगळा डाव विस्कटण्याची भीती फारच कमी. तो दगडाला चिकटत नाही, मुळं रोवत नाही, गोळा म्हणून उचलता येतो. शोभेच्या दृष्टीने त्यात काही नाही. मला त्याचा तोच गुण वाटतो, कारण त्याच्यावर कात्री चालवताना हात थांबत नाही.

पहिले सहा आठवडे तो नुसता पडून होता. साध्या पांढऱ्या दिव्याखाली तळाचा भाग पिवळा पडत होता. मग ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ४५० च्या आसपासचा निळा असा झाडं वाढवायचा एलईडी आणला, आणि पाण्याचा झोत असा वळवला की गोळा सावकाश स्वतःभोवती फिरेल. फिरण्याने दोन गोष्टी झाल्या: प्रत्येक बाजूला उजेड मिळू लागला आणि आत गाळ साचणं थांबलं. त्या आठवड्यापासून वहीतले आकडे बदलले. पुढच्या चार महिन्यांत मी ५ किलो ६०० ग्रॅम ओला चीटो बाहेर काढला. नायट्रेट ४० वरून ८ वर आलं. दगडांवरचे हिरवे केस आधी विरळ झाले, मग गोगलगाईंनी उरलेले संपवले.

इथे थोडं गणित मांडते, कारण ते मांडल्यावरच मला या कामाचं खरं माप कळलं. आजच्यासारखा एक गोळा मी मागे पूर्ण वाळवून पाहिला होता. ४१० ग्रॅमचे ४४ ग्रॅम राहिले. अशा शैवालाच्या कोरड्या वजनात नायट्रोजन ढोबळमानाने दोन ते तीन टक्के धरला, तर त्या गोळ्यातून साधारण एक ग्रॅम नायट्रोजन बाहेर गेला. नायट्रेटच्या भाषेत साडेचार ग्रॅमच्या आसपास. ३४० लिटरमध्ये ते १३ पीपीएम भरतं. म्हणजे एक ओंजळभर चीटो म्हणजे माझ्या टाकीतलं १३ पीपीएम नायट्रेट. तराजू याचसाठी. नायट्रेट बाहेर जातं ते कापणीच्या दिवशी. तोवर ते फक्त पाण्यातून शैवालात येऊन बसलेलं असतं, आणि शैवाल कुजलं तर परत पाण्यात येतं. महिनोन्महिने न कापलेला, आतून तपकिरी झालेला गोळा ठेवून "माझं रेफ्युजियम काम करत नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत. कापलेलं शैवाल माशांना खाऊ घालणाऱ्यांचंही तसंच. माशांचं पोट भरतं ही चांगली गोष्ट, पण टाकीतून काहीच बाहेर गेलेलं नसतं.

पीएचचा फायदा मात्र लगेच दिसला, कापणीची वाट न पाहता. टाकीत दिवसा प्रवाळांमधली सूक्ष्म शैवालं कर्बवायू खेचतात, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, पीएच उतरतो. माझ्याकडे पहाटे ७.८५ आणि संध्याकाळी ८.२५ असा हेलकावा होता. मी रेफ्युजियमचा दिवा मुख्य दिव्याच्या उलट, म्हणजे रात्री लावला. वरची टाकी झोपली की खालची जागी. पहाटेचा पीएच ८.०५ पर्यंत वर आला. ज्यांच्या खोल्या दिवसभर बंद असतात, त्यांना हा उपाय मी बिनदिक्कत सुचवते.

आता दुसरी चूक. ही जास्त महाग पडली, आणि ती चांगल्या आकड्यांच्या आनंदात झाली.

आठव्या महिन्यात नायट्रेट शून्यावर आलं. चाचणीच्या नळीत रंगच येईना. फॉस्फेट मात्र ०.१२ वर अडून बसलं. चीटोची वाढ थांबली, तंतू मऊ आणि फिकट झाले. मला वाटलं, फॉस्फेट उरलंय तर तेही काढू. म्हणून लोह-ऑक्साइडचे दाणे भरलेली नळी सम्पला जोडली. तीन आठवड्यांत फॉस्फेटही शून्य. दोन शून्यं पाहून मी वहीत उद्गारचिन्ह काढलं होतं, ते पान अजून आहे.

यामागचं कारण आधी समजून घेतलं असतं तर नळी जोडलीच नसती. शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतात. तळाशी वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींचं प्रमाण १९८३ साली मांडलं गेलं ते असं: कर्बाच्या ५५० अणूंमागे नायट्रोजनचे ३० आणि फॉस्फरसचा १. माशांच्या खाण्यात मात्र फॉस्फरसचा वाटा याच्या दुपटीहून जास्त असतो. साहजिकच शैवाल नायट्रेट आधी संपवतं आणि फॉस्फेट मागे उरतं. शेतीत हा नियम जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये तो मांडला आणि पुढे लीबिग यांच्या नावाने तो गाजला: पिकाची वाढ ठरते ती सर्वांत तुटपुंज्या अन्नघटकावर, बाकीचे कितीही असोत. माझं पीक नायट्रोजनला भुकेलेलं होतं. थोडं नायट्रेट वरून घातलं असतं तर चीटो वाढला असता आणि फॉस्फेटही त्याच्याबरोबर उतरलं असतं. नायट्रेट उतरवण्यासाठी एवढा खटाटोप केल्यावर तेच बाहेरून घालायचं, हे तेव्हा माझ्या मनाला पटण्यासारखं नव्हतं. आज एक बाटली सम्पशेजारीच असते.

दोन शून्यांनंतर महिनाभराने टाकीतल्या प्रवाळांपैकी अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या फिकट पिवळ्या झाल्या. माँटिपोराचा जांभळा रंग राखाडी झाला. मग वाळूवर तपकिरी चिकट पापुद्रा आला, त्यातून धाग्यांसारख्या तारा लोंबत, टोकाला हवेचे बुडबुडे. दुपारी वाढायचा, रात्री दिवा गेल्यावर विरायचा. मी डायाटम, म्हणजे साधं तपकिरी सूक्ष्म शैवाल, समजून आठवडाभर पुसत बसले. गोगलगाई काचेवरून गळून पडायला लागल्या तेव्हा थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. ४०० पट मोठं करून पाहिलं, तर थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाने अडकवल्यासारख्या जागच्या जागी गोल झुलत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस. टाकीवाले ज्यांना नुसतं डायनो म्हणतात त्या डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांतला विषारी प्रकार.

इतर शैवालं आणि जिवाणू उपाशी पडले की या डायनोफ्लॅजेलेटना मोकळं रान मिळतं. पाणी अति स्वच्छ केलं की ते येतात, आणि रेफ्युजियम हे पाणी अति स्वच्छ करायचं फार चांगलं साधन आहे. लोह-ऑक्साइडची नळी त्याच दिवशी काढली. रेफ्युजियमचा दिवा बारा तासांवरून चारवर आणला. रोज मोजून नायट्रेट आणि फॉस्फेट घालू लागले, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ राहील इतकं. पहिले दहा-बारा दिवस घातलेलं फॉस्फेट दुसऱ्या दिवशी गायब असायचं, कारण दगड ते शोषून घेत होते. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात मोकळा तरंगतो, म्हणून अतिनील दिव्याची नळी मुख्य टाकीवर लावली. पाणी बदलणं थांबवलं. दहा आठवडे लागले. सगळ्या टर्बो गोगलगाई, एक सागरी साळिंदर (काटेरी गोळ्यासारखा सी-अर्चिन) आणि अ‍ॅक्रोपोराच्या तीन वसाहती मी गमावल्या. त्यातली एक मी त्याआधीच्या चार वर्षांत बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवली होती.

तरीही रेफ्युजियम मोडलं नाही, आणि त्याला कारण मँडरिन मासा.

मँडरिन मासा दिवसभर दगडादगडांवरून हिंडत बारीक कवचधारी जीव टिपत असतो. दोनदा घातलेल्या दाण्यांवर त्याचं भागत नाही, बहुतेक वेळा तो दाण्यांकडे बघतही नाही. पुष्कळ टाक्यांत हा मासा हळूहळू खंगून मरतो, पोट आत जातं, डोक्यामागची हाडं दिसायला लागतात. माझ्याकडे तो आला तेव्हा त्याची तशीच सुरुवात झालेली होती. चीटोच्या गुंत्यात त्या वेळी कोपेपॉडांची, म्हणजे अशाच बारीक कवचधारी जिवांची, वस्ती जोमात होती. टिस्बेसारख्या कोपेपॉडची पिढी अनुकूल तापमानात दोन आठवड्यांच्या आत तयार होते. वर मासे असताना दगडांवर त्यांना वाढायला सवड मिळत नाही, खाली गुंत्यात कुणी त्यांना खात नाही. तिथून ते पिलांसह पाण्याबरोबर रिटर्न पंपातून, म्हणजे सम्पमधलं पाणी परत मुख्य टाकीत चढवणाऱ्या पंपातून, वर जातात. पंपाच्या पात्यांत सगळे मरतात असं मला कुणी सांगितलं होतं. मी पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी धरून पाहिली, बहुतेक जिवंत होते.

दोन महिन्यांत मँडरिनचं पोट गोल झालं. आता तो चार वर्षं माझ्याकडे आहे. रात्री मुख्य दिवा गेल्यावर काचेवर टॉर्च मारला की हजारो ठिपके सरकताना दिसतात, त्यांत अँफिपॉड, बारीक तारामासे, मायसिड कोळंबीची पिलं. युफिलिया प्रवाळाचे शुंडके त्या वेळी पसरलेले असतात. नायट्रेट उतरवायला स्किमर आहे, पाणी बदलणं आहे, कर्ब घालून जिवाणू वाढवण्याची पद्धत आहे. हा जिवंत खाऊ दुसऱ्या कुठल्या यंत्रातून येत नाही. फक्त नायट्रेटसाठी विचारणाऱ्या माणसाला मी म्हणूनच सांगितलं, की आधी खाणं कमी करून बघ आणि स्किमर नीट लाव. मँडरिनसाठी विचारणारीला सांगितलं, की मासा आणण्याआधी निदान सहा महिने रेफ्युजियम चालव.

बाकीचे त्रास लहान आहेत, पण सतत आहेत. चीटोचे तुटके तंतू रिटर्न पंपात जाऊन अडकतात. माझा पंप एकदा त्यानेच थांबला, तेव्हापासून कप्प्यापुढे जाळीची भिंत आहे. दिव्याचा उजेड शेजारच्या कप्प्यांत गळतो आणि तिथे नको ते शैवाल धरतं, त्यासाठी काचेला काळा कागद लावावा लागला. तळाशी गाळ बसतो, तो महिन्यातून एकदा नळीने ओढून काढते, नाहीतर आसऱ्याची जागा उकिरडा होते. लोह कमी पडलं की चीटो फिकटतो. मी आठवड्याला अगदी थोडं घालते, आणि रंग परतला की थांबते.

पाणी पिवळसर होतं, हे मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. रोज बघणाऱ्या डोळ्याला दिसत नाही. आई काही महिन्यांनी आली आणि म्हणाली, "अगं, पाणी असं जुन्या कागदासारखं का दिसतंय?" शैवालातून सेंद्रिय पदार्थ पाण्यात झिरपतात, त्यांचा तो रंग. सक्रिय कार्बनने दोन दिवसांत गेला. यात रंगापलीकडचाही मुद्दा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रवाळ आणि शैवाल शेजारी ठेवून मधे ०.०२ मायक्रॉनची गाळणी लावली होती, जिवाणूही पार होणार नाहीत अशी. तरी प्रवाळ मेले. पाण्यात अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातल्यावर वाचले. अर्थ असा लावला गेला, की शैवालातून झिरपलेल्या पदार्थांवर प्रवाळाच्या अंगावरचेच जिवाणू माजतात आणि त्याला मारतात. तो प्रयोग छोट्या बंद भांड्यांतला होता, तिथे स्किमर नव्हता, कार्बन नव्हता. माझ्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा आणि चीटो एकाच पाण्यावर वाढत आहेत. पण तो वाचल्यापासून कार्बनची पिशवी मी दर तीन आठवड्यांनी न चुकता बदलते, आणि रेफ्युजियम असताना स्किमर काढून टाकायचा विचार सोडून दिला.

आणि पाहुणे. चीटोच्या गुंत्यात काय लपून येईल सांगता येत नाही. माझ्या पहिल्या गोळ्यातून दोन एपटेजिया आले होते, ते काचेसारखे तपकिरी समुद्रफूल जे एकाचे पन्नास होतात. मला पाच महिन्यांनी दिसले. त्यांचा निकाल लावायला पेपरमिंट कोळंबी आणावी लागली. आता बाहेरून आलेला गोळा तीन आठवडे वेगळ्या बादलीत, दिव्याखाली राहतो, आणि मी तो रोज काडीने उलटून बघते.

सध्या दिवा रात्री आठ तास असतो. नायट्रेट ५ ते ८, फॉस्फेट ०.०५ ते ०.०८. चाचणीत नायट्रेट तीनच्या खाली दिसलं की दिव्याचा एक तास कमी करते, दहाच्या वर गेलं की एक वाढवते. सगळी चावी त्या एका टायमरमध्ये आहे. कापणी तीन आठवड्यांनी. अ‍ॅक्रोपोराच्या उरलेल्या वसाहतीला गेल्या उन्हाळ्यात निळी टोकं आली.

आजच्या ४१० ग्रॅममधला एक मुठीएवढा गोळा बाजूला ठेवला आहे, मँडरिनसाठी विचारणाऱ्या मैत्रिणीचा. बाकीचा गच्चीवर वाळतोय. तिचा गोळा स्वच्छ बादलीत, बारीक हवेच्या नळीशेजारी, लाल दिव्याखाली आहे. आत्ता झोपण्याआधी टॉर्च घेऊन पाहिलं. एपटेजिया नाही, चपटे किडे नाहीत. बादलीच्या कडेला एक कोपेपॉड थांबला होता, शेपटीपाशी अंड्यांची पिशवी घेऊन.